घराभोवतीची झाडं: विविधता किती, कार्बन किती, आणि मोजायचं कसं?

खोडवेडा (धागाकर्ता)

घराभोवतीच्या मोकळ्या जागेतली झाडं मी टेप घेऊन मोजून काढली. आंबा, चिकू, शेवगा आणि पेरू ही चार खोडाची झाडं. शिवाय नारळ, कढीपत्ता, जास्वंद आणि कुंपणाची मेंदी. शहरातल्या बऱ्याच घरांभोवती थोड्याफार फरकानं असाच मेळ असतो, म्हणून आकडे इथे मांडतोय.

जमिनीवरच्या भागात साठलेला कार्बन असा निघाला: आंबा सुमारे ३३० किलो, चिकू ५०, शेवगा १६, पेरू १०. म्हणजे चार झाडांच्या एकूण ४०६ किलोंपैकी ८१ टक्के एकट्या आंब्यात! बाकीच्या तीन झाडांची बेरीज आंब्याच्या पाव हिश्शालाही पोचत नाही.

हे बघितल्यावर माझं मत पक्कं झालं. घरच्या बागेतला कार्बन झाडांच्या संख्येत नसतो, जातींच्या संख्येतही नसतो. तो एकदोन जाड बुंध्यांत असतो आणि पायाखालच्या मातीत असतो. मग विविधता कशाला हवी? तर तो साठा टिकावा म्हणून. विविधतेनं कार्बन आपोआप वाढतो असं सरसकट लिहिलेलं फार वाचायला मिळतं. ते तितकं सरळ नाही, आणि त्यावरच इथे बोलावं अशी इच्छा आहे.

ज्यांनी आपल्या बागेत मोजमाप केलंय त्यांनी जरूर लिहा.

---

शेवंती

फार उपयोगी धागा. पण झाड न तोडता, न वजन करता ३३० किलो कसे काढलेत? आकडेमोड टप्प्याटप्प्यानं लिहाल का? मलाही करून बघायची आहे.

---

खोडवेडा

शेवंतीताई, लिहितो.

जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर, खोडाभोवती टेप गुंडाळायची. आलेला घेर ३.१४ ने भागला की व्यास मिळतो. आंब्याचा घेर १५७ सेंमी आला, म्हणजे व्यास ५० सेंमी. उंची अंदाजे १२ मीटर.

मग लागते लाकडाची घनता, म्हणजे एक घनसेंटीमीटर लाकडाचं सुकं वजन किती ग्रॅम. ही प्रत्येक जातीची वेगळी असते आणि तक्त्यांत मिळते. आंब्याची मी ०.५५ धरली.

उष्ण कटिबंधातल्या झाडांसाठी जेरोम शाव्ह आणि सहकाऱ्यांचं २०१४ सालचं सूत्र सर्रास वापरतात. चार हजारांहून जास्त झाडं प्रत्यक्ष तोडून, वजन करून मिळालेल्या माहितीवर ते बेतलेलं आहे:

सुकं वजन (किलो) = ०.०६७३ × (घनता × व्यासाचा वर्ग × उंची)^०.९७६

आमच्या आंब्यासाठी कंसातला गुणाकार ०.५५ × २५०० × १२ = १६,५००. सूत्रात घातल्यावर सुकं वजन साधारण ८८० किलो येतं. सुक्या लाकडात कार्बन ४७ टक्के धरतात, म्हणजे ४१३ किलो. हे सूत्र जंगलातल्या झाडांचं आहे. शहरात मोकळ्यावर वाढलेल्या, छाटल्या जाणाऱ्या झाडांसाठी त्याला ०.८ ने गुणायची रीत आहे. तसं केलं की ३३०.

हवेतला किती कार्बन डायऑक्साइड झाडानं ओढून घेतला हे हवं असेल तर ३.६७ ने गुणा, कारण कार्बनच्या १२ भारामागे त्या वायूचा भार ४४. इथे गल्लत फार होते. कुणी कार्बन सांगतं, कुणी कार्बन डायऑक्साइड, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना होते. वाचताना आधी तेवढं बघून घ्यावं.

मुळं यात धरलेली नाहीत. ढोबळमानानं वरच्या वजनाच्या पाव हिश्शाएवढी मुळं धरतात.

---

गणकयंत्र

सूत्र बरोबर आहे. मोजताना कुठे घसरायला होतं ते थोडं सांगतो, कारण घरच्या बागेतली झाडं जंगलातल्यासारखी सरळसोट नसतात.

कलमी आंबा बहुतेक वेळा १.३ मीटरच्या खालीच फाकतो. अशा वेळी प्रत्येक फाट्याचा व्यास त्या उंचीवर वेगळा मोजायचा, त्यांचे वर्ग करून बेरीज घ्यायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. ३० आणि ४० सेंमीचे दोन फाटे असतील तर धरायचा व्यास ५०, ७० नव्हे. सरळ बेरीज केलीत तर वजन जवळजवळ दुप्पट येईल.

१.३ मीटरवर गाठ किंवा फुगवटा असेल तर टेप थोडी वर सरकवा. झाड कललेलं असेल तर १.३ मीटर ही उंची खोडालगत मोजा आणि टेप खोडाला काटकोनात धरा. वेल आणि सुटलेली साल बाजूला करून मगच गुंडाळा.

ढोलीचं काय? जुन्या झाडाचा बुंधा आतून पोकळ असेल तर सूत्र फुगवून आकडा देणार. लाकडी हातोडीनं हलकं ठोकून आवाज ऐकला तर पोकळ भाग साधारण कळतो. त्याचा नेमका हिशेब घरच्या घरी करता येत नाही, नुसती नोंद करून ठेवा.

आणि उंची. डोळ्यांनी अंदाज केला की बहुतेकांचा चुकतो. हाताएवढी काठी घ्या. हात सरळ पुढे धरल्यावर डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर उभी राहू द्या. मग मागे सरकत जा. मुठीशी बुंधा आणि काठीच्या टोकाशी शेंडा जुळला की थांबा. जमीन सपाट असेल तर झाडापासून तुमच्यापर्यंतचं अंतर हीच झाडाची उंची.

---

जलदवाढ

मग सरळ भराभर वाढणारी झाडं लावावीत ना? सुबाभूळ, निलगिरी, शेवगा. चारपाच वर्षांत घर झाकून टाकतात. चिकूची वाट बघत कोण बसणार?

---

खोडवेडा

जलदवाढ, शेवगा आणि चिकू यांचीच तुलना करून दाखवतो. समजा दोन्हींचा व्यास २० सेंमी आणि उंची ७ मीटर. लांबून बघितलं तर दोन्ही झाडं सारखीच. पण शेवग्याच्या लाकडाची घनता ०.२६ च्या आसपास, चिकूची ०.८५ धरा. ०.८ ने गुणल्यावर शेवग्यात कार्बन १६ किलो, चिकूत ५०. तिपटीहून जास्त. शेवग्याची वाळलेली फांदी हातात घेऊन बघा, कागदासारखी हलकी लागते आणि नख रुततं. चिकूच्या तेवढ्याच फांदीवर करवत चालवताना दम लागतो.

शेवगा वाईट असं म्हणत नाही, आमच्याकडेही आहे. पण वाऱ्यानं मोडणारं, दर वर्षी छाटावं लागणारं हलकं लाकूड कार्बन फार काळ धरून ठेवत नाही. मोडलेली फांदी कुजली किंवा जाळली की सगळं परत हवेत. निलगिरी आणि सुबाभूळ यांचं लाकूड शेवग्याइतकं हलकं नसतं हे खरं. पण घराला लागून निलगिरी लावणं मला तरी धोक्याचं वाटतं. सुबाभूळ तर बी टाकून शेजारपाजारच्या सगळ्या मोकळ्या जागेत पसरते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. झाड म्हातारं झालं की त्याची वाढ थांबते, म्हणून जुनं काढून नवं लावावं, हा समज फार घट्ट आहे. २०१४ सालीच 'नेचर'मध्ये नॅथन स्टीफनसन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ४०३ जातींची पावणेसात लाखांच्या आसपास झाडं तपासली होती. बहुतेक जातींत झाड जितकं मोठं, तितकी त्याच्या वजनात वर्षाला पडणारी भर जास्त, असं त्यांना दिसलं. पानागणिक काम कमी होत असेल, पण पानंच इतकी जास्त असतात की एकूण भर वाढत जाते.

आमच्या आंब्याचा घेर वर्षात फक्त दोन सेंटीमीटर वाढला असं धरा. डोळ्यांना ते दिसणारही नाही. तरी सूत्राप्रमाणे कार्बनमध्ये आठ किलोंची भर पडते. पाच सेंमी व्यासाच्या आणि साडेतीन मीटर उंचीच्या तरण्या रोपात सगळा मिळून सव्वा किलोही कार्बन नसतो. म्हणजे आंब्याची एका वर्षातली न दिसणारी वाढ आणि अशी सात अख्खी झाडं, हिशेब सारखाच.

एक जुनं झाड तोडून "त्याबदली दहा रोपं लावली" असं कुणी सांगितलं की मला फार वाईट वाटतं. त्या दहा रोपांत मिळून अकराबारा किलो. गेले ते ३३०.

---

रानपाखरू

खोडवेडा, आकडे मान्य. पण बागेकडे निव्वळ कार्बनची कोठी म्हणून बघायचं का? तुमच्या आंब्यात ८१ टक्के कार्बन आहे म्हणून बाकीच्यांची किंमत १९ टक्के, असं होत नाही. जास्वंदीत एक किलोही कार्बन नसेल, पण शिंजीर तिथेच येतो. कढीपत्त्याच्या पानांवर फुलपाखराच्या अळ्या असतात. लिंबावरही.

विविधता मोजायची तर तीही नीट मोजू या. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशवहनासाठी मांडलेला निर्देशांक परिसरशास्त्रात सर्रास वापरतात. प्रत्येक जातीचा एकूण झाडांतला वाटा घ्यायचा, त्याला त्याच वाट्याच्या नैसर्गिक लॉगॅरिदमनं गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि उणे चिन्ह काढून टाकायचं. दहा झाडं एकाच जातीची असतील तर उत्तर शून्य. दहाही वेगळी असतील तर २.३०. सहा एकाच जातीची आणि उरलेली चार चार जातींची असतील तर १.२३ च्या आसपास.

तुमच्या चार झाडांचा निर्देशांक संख्येनं १.३९ येतो. हाच प्रत्येक झाडातल्या कार्बनच्या वाट्यावरून काढला तर ०.६४. या दोन आकड्यांमधली दरी मला या धाग्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते. बाग दिसायला विविध आहे, पण तिचा साठा एकाच जातीच्या भरवशावर उभा आहे. आंब्याला उद्या खोडकिडा लागला तर?

---

खोडवेडा

कार्बनच्या वाट्यावरून शॅनन निर्देशांक काढायचं मला सुचलंच नव्हतं. फारच छान. मी विविधतेला विमा म्हणतो तो याच अर्थानं, आणि तुमच्या ०.६४ नं ते माझ्यापेक्षा नेमकं सांगितलंय.

पक्ष्यांच्या बाबतीत पूर्ण सहमत. कार्बनला देशी-विदेशी कळत नाही, अळ्यांना कळतं. म्हणून दोन्ही हिशेब वेगळे मांडावेत, एकात एक मिसळू नयेत.

---

गणकयंत्र

"विविधतेनं कार्बन वाढतो" याला आधार आहे, पण तो कुठला ते बघायला हवं. चीनमधल्या जिआंगशी प्रांतात डोंगरउतारावर एक मोठा प्रयोग चालू आहे. एकाच जातीचे तुकडे, दोन जातींचे, चार, असं करत सोळा जातींपर्यंत मिश्र लागवड केली. २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये आठ वर्षांनंतरचे आकडे आले. सोळा जातींच्या तुकड्यांत एकाच जातीच्या सरासरी तुकड्याच्या दुपटीहून जास्त कार्बन साठला होता.

पण त्याच निबंधात पुढे असंही आहे की व्यापारी लागवडीच्या दोन जातींच्या निव्वळ एकजातीय तुकड्यांतही जवळपास तेवढाच साठा होता. हे वाक्य सांगताना बहुतेक जण गाळतात. मिश्र लागवड सरासरीपेक्षा पुष्कळ सरस असते. सगळ्यात चांगल्या एका जातीपेक्षा ती सरस असेलच असं नाही. फक्त ती सगळ्यात चांगली जात कोणती, आणि पुढची पन्नास वर्षं ती चांगलीच राहील का, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं.

मिश्रणात फायदा होतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे झाडं जागा वाटून घेतात. कुणाची मुळं खोल, कुणाची वर पसरलेली; कुणाला कडक ऊन हवं, कुणाला सावली चालते. दुसरं म्हणजे जितक्या जास्त जाती, तितकी एखादी जोमदार जात त्यात सापडण्याची शक्यता जास्त. चारपाच झाडांच्या बागेत पहिलं कारण मर्यादितच लागू पडतं. तरी आंब्याखाली सावली सोसणारं काही लावलं तर तीच जमीन दोनदा वापरली जाते.

---

शेवंती

केरळमधल्या घरबागांबद्दल वाचलं होतं. तिथे नारळ, त्यावर मिरवेल, खाली केळी, त्याखाली हळद अशा थरांच्या बागा असतात ना? तिथे काय निघालंय?

---

गणकयंत्र

हो, त्यावर बरंच काम झालंय. बी. मोहन कुमार यांच्या २०११ च्या निबंधात मध्य केरळातल्या घरबागांत जमिनीवरचा कार्बन हेक्टरी १६ ते ३६ टन दिला आहे. त्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. लहान बागांत दर हेक्टरी साठा मोठ्या बागांपेक्षा अनेकदा जास्त होता, कारण लहान जागेत लोक दाटीनं आणि जास्त जाती लावतात. त्याच भागात मातीवर झालेल्या अभ्यासातही जास्त जाती आणि दाट झाडं असलेल्या बागांच्या मातीत कार्बन जास्त आढळला.

उलट उदाहरणही देतो. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराचा २०११ चा अभ्यास. अख्ख्या शहराच्या झाडझाडोऱ्यात दर चौरस मीटरला सरासरी ३.१६ किलो कार्बन, पण घरगुती बागांत फक्त ०.७६ किलो! कारण तिथल्या बागांत हिरवळ आणि फुलझाडं भरपूर, मोठी झाडं थोडी. शहरातल्या एकूण वनस्पतींच्या साठ्यातला ९७ टक्क्यांहून जास्त हिस्सा झाडांत होता.

म्हणजे "घरची बाग" या नावाखाली कार्बनच्या दृष्टीनं अगदी वेगवेगळ्या गोष्टी येतात. खोडवेडा यांचं मूळ म्हणणं लेस्टरच्या आकड्यांतही दिसतंच.

---

मातीशी_नातं

सगळी चर्चा जमिनीच्या वरच चालली आहे, म्हणून लिहितो. लेस्टरमध्येच पुढे २०१२ मध्ये माती धरून अख्ख्या शहराचा हिशेब झाला. तेव्हा एकूण सेंद्रिय कार्बनपैकी ८२ टक्के मातीत निघाला, झाडझाडोऱ्यात फक्त १८ टक्के. थंड प्रदेशातली माती कार्बन जास्त काळ धरते. उष्ण हवेत कुजणं वेगानं होतं, त्यामुळे हा आकडा सगळीकडे जसाच्या तसा लागू करू नये. तरी माती वगळून केलेला हिशेब अर्धामुर्धाच असतो.

घरच्या घरी करता येईल असं गणित सांगतो. एक चौरस मीटर जागा, ३० सेंमी खोली. घनमीटरला १.२ टन असं धरलं तर त्या मातीचं वजन ३६० किलो. सेंद्रिय कर्ब एक टक्का असेल तर ३.६ किलो कार्बन. शंभर चौरस मीटर बागेत ३६० किलो. म्हणजे खोडवेडा यांचा अख्खा आंबा जेवढा, तेवढा साठा साध्या, फारसा कस नसलेल्या मातीत आधीच पडून आहे. तोच कर्ब एकाचा दोन टक्के झाला तर आणखी ३६० किलो.

पण दोन टक्के होणं सोपं नाही. टाकलेल्या कंपोस्टमधला बराचसा कार्बन काही वर्षांत सूक्ष्मजीव खाऊन हवेत सोडतात. थोडाच मातीच्या कणांना चिकटून राहतो. बाहेरून पोती आणून ओतली तर तो कार्बन दुसऱ्या जागेवरून इथे आला एवढंच. हवेतून नव्यानं काही ओढलं गेलं नाही. दलदलीतून खणलेलं पीट कुंड्यांत घालणं तर उघड तोट्याचं आहे, हजारो वर्षं साठलेला कार्बन त्यानं मोकळा होतो.

खरी भर पडते ती तिथल्याच झाडांच्या पाल्यानं आणि मुळांनी. आंब्याखाली पडलेली पानं झाडून जाळू नका. बुंध्याला चिकटवून ढीग करू नका, साल कुजते. चार बोटं जागा सोडून आळ्यात पसरा. वरची पानं कोरडी आणि कडक राहतात, पण हातानं बाजूला केली की खाली नुसत्या शिरांची जाळी उरलेली पानं दिसतात आणि त्यात पांढरी बुरशीची सुतं. त्या थराखालची माती भुसभुशीत असते. तो थर मोडू नका, बागेतल्या मातीत तिथेच कार्बन मुरतो.

---

शेवंती

आमच्याकडे मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक घालायचं घरात घाटतंय. चिखल होतो, पाय घसरतो, वयस्कर माणसं आहेत. याचा मातीतल्या कार्बनवर काय परिणाम होतो?

---

मातीशी_नातं

शेवंतीताई, गंमत म्हणजे त्याच अभ्यासात फरशी-डांबराखालच्या मातीतला कार्बन सारख्या खोलीवर मोकळ्या मातीएवढाच निघाला. झाकलेल्या मातीतला साठा लगेच उडून जात नाही. नुकसान होतं ते वरची सुपीक माती खरवडून नेतात तेव्हा, आणि पुढे तिथे पालापाचोळ्याची भर बंद होते म्हणून.

वयस्करांसाठी चालायची वाट हवीच, त्यात दुमत नाही. वाटेपुरतेच ब्लॉक घाला, खाली सिमेंटऐवजी वाळू-खडी टाका, आणि झाडांच्या फांद्या जिथवर पोचतात त्या घेरात शक्यतो काहीच घालू नका. पाणी ओढणारी बारीक मुळं तिथेच असतात. कंत्राटदाराला खणायला लावण्याआधी तो घेर चुन्यानं आखून द्या. नाहीतर बुंध्यापर्यंत खोदतात, आणि झाड दोनतीन वर्षांनी वाळायला लागतं तेव्हा कारण कुणाच्या लक्षातही येत नाही.

---

वाटसरू

सगळं वाचलं. एक प्रश्न मनापासून विचारतो. ३३० किलो कार्बन म्हणजे सुमारे १,२०० किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो निघतो. म्हणजे तुमच्या आंब्याची आख्ख्या आयुष्याची कमाई सव्वापाचशे लिटर पेट्रोल! गाडी फार चालवणाऱ्याची एका वर्षाचीही पुरती भरपाई नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी?

---

खोडवेडा

वाटसरू, तुमचं गणित बरोबर आहे आणि ते इथे आलं हे फार चांगलं झालं. घरच्या बागेनं घरातल्या इंधनाची भरपाई होत नाही, हे स्वच्छ कळायलाच हवं. "आमच्याकडे झाडं आहेत" या समाधानावर कुणी गाडी जास्त चालवत असेल तर तो स्वतःचीच फसवणूक करतोय.

पण दुसऱ्या बाजूनं बघा. बागांचा शहरातला वाटा लहान नसतो. ब्रिटनमधल्या पाच शहरांच्या मोजणीत घरगुती बागा शहराच्या २२ ते २७ टक्के क्षेत्रावर होत्या. अमेरिकेतल्या शहरी झाडांत एकूण ६४.३ कोटी टन कार्बन असल्याचा अंदाज २०१३ मध्ये आला. तो खाजगी, सरकारी, रस्त्याकडेच्या अशा सगळ्या झाडांचा मिळून आहे, आणि त्यातलं प्रत्येक झाड कुणीतरी तोडायचं नाही असं ठरवलं म्हणून उभं आहे.

शिवाय सावलीचा हिशेब वेगळा. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर आंब्याची सावली असेल तर आतली खोली कमी तापते आणि एसी कमी चालतो. ती वाचलेली वीज खोडात साठत नाही, पण दर वर्षी वाचत राहते.

माझ्यासाठी मुद्दा मात्र सरळ आहे. उभं झाड तोडलं तर हे १,२०० किलो आज ना उद्या हवेत जाणार. ते थांबवणं आपल्या हातात आहे, आणि त्याला करावं काहीच लागत नाही, फक्त ते झाड राहू द्यायचं.

---

जलदवाढ

हे पटलं. मग नवीन लावायचंच असेल तर कोणती जात लावू? जागा एकाच मोठ्या झाडापुरती आहे.

---

रानपाखरू

जलदवाढ, आधी कुंपणाबाहेर बघून या. शेजारच्या दहाबारा घरांत काय आहे ते लिहून काढा आणि जे नाही ते लावा.

फ्रँक सँटॅमूर यांनी १९९० मध्ये शहरी झाडांसाठी ठोकताळा दिला. एका जातीची झाडं १० टक्क्यांहून जास्त नकोत, एका प्रजातीगटाची, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींच्या गटाची, २० हून जास्त नकोत, एका कुळाची ३० हून जास्त नकोत. पाच झाडांच्या बागेला हा लावताच येत नाही, तिथे एक झाड म्हणजेच २० टक्के. पण आळीला, वसाहतीला लावता येतो. प्रत्येक घरात आंबा, नारळ, कढीपत्ता असेल तर प्रत्येक बाग आपापल्या जागी विविध, आणि सगळी वसाहत एकसारखी.

याचं काय होतं ते उत्तर अमेरिकेनं भोगलंय. तिथल्या रस्त्यांवर दुतर्फा एल्मची झाडं होती. विसाव्या शतकात बुरशीच्या रोगानं ती कोट्यवधींनी मेली. त्यांच्या जागी अनेक शहरांनी ॲशची झाडं लावली, पुन्हा रांगेनं एकच. २००२ मध्ये मिशिगनमध्ये ॲश पोखरणारा हिरवा भुंगेरा सापडला आणि तीही कोट्यवधींनी गेली. एका रोगातून सावरताना केलेली लागवड दुसऱ्या किडीला आयती मिळाली. आपल्या ओळखीचा पांगाराही घ्या. त्याच्या पानांवर गाठी करणारी गांधीलमाशीसारखी बारीक कीड २००३ च्या सुमारास पुढे आली आणि थोड्याच वर्षांत आशिया-पॅसिफिकमधल्या कितीतरी ठिकाणी पांगारे उघडेबोडके झाले.

म्हणून आंब्यांच्या वस्तीत जांभूळ, चिंच, कडुनिंब, बकुळ यांतलं काही लावा. चौघांची कुळं वेगळी, लाकूडही आंब्यापेक्षा जड. जागा कमी असेल तर बकुळ. चिंच आणि जांभूळ पुढे खूप पसरतात, भिंतीपासून पुरेसं अंतर असेल तरच.

---

गणकयंत्र

अंतराचं वाक्य ठळक करायला हवं. चुकीच्या जागी लावलेलं झाड विसाव्या वर्षी तोडावं लागतं, नेमकं जेव्हा त्याच्यात साठा भरायला लागतो. विजेच्या तारेखाली, टाकीला किंवा सांडपाण्याच्या पाइपाला लागून मोठं होणारं झाड लावूच नये. पाइपातून पाणी झिरपत असेल तर मुळं तिकडे जाणारच.

---

शेवंती

नारळ, केळ आणि बांबूला हे सूत्र चालेल का? खोडवेडा यांनी नारळ बेरजेत धरलेला नाही म्हणून विचारतेय.

---

गणकयंत्र

नाही चालणार, म्हणूनच धरला नसावा. नारळाचं खोड वयाबरोबर जाड होत नाही, उंच होत जातं, त्यामुळे घेरावर बेतलेलं सूत्र त्याला लागू पडत नाही. माडांसाठी उंचीवर आधारलेली वेगळी सूत्रं असतात. केळीचा बुंधा म्हणजे पानांचे देठ एकावर एक गुंडाळलेले. त्यात मुख्यतः पाणी, आणि घड उतरला की तो कापलाच जातो. बांबू गवत आहे. प्रत्येक काठी कोंब फुटतानाच पूर्ण जाडीची येते, म्हणून काठ्या मोजून हिशेब करतात, आणि जुन्या काठ्या कापून वस्तू केल्या तर कार्बन त्यांत राहतो.

पपईही लाकडात धरू नका. खोड आतून पोकळ आणि पाणीदार असतं.

---

खोडवेडा

बरोबर, नारळ त्याच कारणानं बाहेर ठेवला.

आता रानपाखरूंच्या सूचनेवरून एक करू या. ज्यांना जमेल त्यांनी आपल्या आळीतली खोडाची झाडं नोंदवा. रकाने एवढेच: जात, १.३ मीटरवरचा घेर, अंदाजे उंची, फाटे किती, ढोली आहे का, आणि भिंतीपासून किंवा तारेपासून अंतर. शेजाऱ्यांना विचारूनच आत जा आणि घराचा पत्ता लिहू नका, फक्त पहिलं घर, दुसरं घर असं लिहा. घेर खिळा ठोकून नव्हे, खडूनं खूण करून मोजा, म्हणजे पुढच्या वर्षी टेप त्याच जागी लावता येईल. रंगाचा बारीक ठिपका दिलात तर आणखी बरं, खडू पहिल्याच पावसात जातो.

नोंदी इथेच प्रतिसादात टाका. गणकयंत्र, कार्बन आणि शॅनन निर्देशांक दोन्ही काढून देणारा तक्ता तुम्ही करून द्याल का?

---

गणकयंत्र

देतो. घनतेचा रकाना मी भरीन, तुम्ही फक्त जात नीट ओळखून लिहा. जिथे खात्री नाही तिथे पान, साल आणि फळ यांचे फोटो टाका, रानपाखरू सांगतील.